डाव्या हातच्या बांगड्या

यमुनाकाकीच्या उजव्या हातात मी कधी बांगडी पाहिली नाही. डाव्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या गच्च भरलेल्या, उजवा हात मोकळा. आमच्या कोळीवाड्यात तेव्हा लग्न झालेल्या सगळ्याच बायकांचे हात असे होते. लग्नानंतर नवरीला किनाऱ्यावर नेत, गुडघाभर पाण्यात उभी करत आणि तिच्या उजव्या हातातल्या बांगड्या उतरवून दर्यात सोडत. दर्याने तिचा नवरा सांभाळायचा, म्हणून दर्याच्या हातात भरलेला तो चुडा. डाव्या हातातल्या बांगड्या नवरा असेतो तिच्या. नवरा गेला की त्या फोडायच्या. पाण्यात गेला असेल तर होडीच्या नाळेवर, म्हणजे तिच्या पुढच्या टोकावर. घरात गेला असेल तर उंबऱ्यावर. तिसरी जागा कुणाला ठाऊक नव्हती.

काकी गेल्याचा फोन मंदाने सकाळी केला. मंदा ही काकीची एकुलती मुलगी, माझी चुलत बहीण. तिचा आवाज स्थिर होता.

"दादा, आई गेली. निघ लगेच. तू आल्याशिवाय बायका तिला हात लावत न्हायत."

"का?"

"हिरवं नेसवायचं का पांढरं, ते ठरत न्हाय. मी बोलले हिरवं. त्या बोलतात, पेपरवाल्याला येऊ दे, त्याला खरं काय ते म्हाईत असंल."

पेपरवाला म्हणजे मी. नोकरीतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी गावात माझं तेच नाव आहे. गावाची अशी समजूत आहे की पेपरात काम करणाऱ्याला खरं माहीत असतं. ही समजूत मी कधी मोडली नाही. मोडायला गेलो तर त्यांना तो विनय वाटतो.

अलिबाग मागे पडलं. काशीदच्या किनाऱ्यावर सकाळपासूनच मोटारींची रांग होती, शहाळी विकणाऱ्यांच्या छत्र्या होत्या. त्यापुढे आमचं वळण. पूर्वी या वळणावर नाक आधी गावात पोचायचं. घरं दिसायच्या आधी सुक्या मासळीचा वास यायचा, खारट आणि उन्हाने तापलेला. बाहेरून आलेली माणसं रुमाल नाकाला लावत. आम्हाला तो वास म्हणजे दिवाळीपासून वैशाखापर्यंतचे दिवस. आता वळणावर काही वास येत नाही. मासळी सुकवायची जागा होती तिथे गाड्या लावतात. पिवळ्या दोरीने आखलेले चौकोन, कडेला सुरूची झाडं, आणि झाडांमधून बांधलेले झोपाळे. एका कोपऱ्यात, कुणी काढायचा कंटाळा केला म्हणून, बोंबलांच्या मांडवाचा एक जुना बांबू अजून उभा आहे. त्याला वाय-फायची पाटी ठोकली आहे.

त्या बांबूंच्या रांगा होत्या तेव्हा दोऱ्यांवर बोंबील लटकायचे. त्यांना गाठ लागत नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवले की जोडी दोरीवर आपोआप बसते. काकीचे हात हे काम बोलता बोलता करायचे. जबड्यात जबडा, दोरीवर टांग, पुढची जोडी, आणि प्रत्येक जोडीबरोबर डाव्या हाताचा तो किणकिणाट. संध्याकाळचा वारा सुटला की सुकलेले बोंबील एकमेकांवर आपटून शेंगांसारखे वाजत. खाली चटयांवर जवळा, करंदी अशी बारीक कोलंबी. कावळे हाकलायला आम्हा पोरांना बसवलेलं असायचं. आमच्या मुठीत थोडा जवळा असायचा आणि तोंडातही. त्या दिवसांची चव मला अजून नेमकी सांगता येते. आधी मीठ, मग वाळू, मग गोडसर काहीतरी, ज्याला मला अजून शब्द सापडलेला नाही.

धाकूकाका हा बाबांचा धाकटा भाऊ, यमुनाकाकीचा नवरा. उंच, किडकिडीत, आणि गावभर घोरण्यासाठी प्रसिद्ध. मचव्यावर, म्हणजे माल नेणाऱ्या मोठ्या शिडाच्या होडीवर, त्याला अगदी टोकाला झोपवत. तांडेल, म्हणजे मचव्यावरचा मुख्य खलाशी, म्हणायचा, "धाकूला पुढं टाका. धुक्यात भोंगा वाजवायला नको." काका हे ऐकून स्वतःच सगळ्यात जास्त हसायचा.

पावसाळ्याआधी शहर मासळीचा साठा करतं. त्यामुळे चैत्र-वैशाखात गावातली माणसं सुक्या मासळीची पोती घेऊन मचव्याने मुंबईला जात आणि माल संपला की परत येत. मुंबईत आमचे नातेवाईक होते, चाळीत खोल्या होत्या. पण त्या वासाची पोती घेऊन कुणाच्या खोलीत शिरणार? पोती बाजाराबाहेरच्या फूटपाथवर उतरायची आणि माणसं पोत्यांना पाठ लावून तिथेच झोपायची. घरदार असलेली, होडीत भागी असलेली माणसं. त्यात कमीपणा कुणाला वाटत नव्हता. मालाजवळ झोपणं हा कामाचाच भाग होता.

अंथरुणाला जुन्या शिडाचा तुकडा न्यायचा. शिडं टिकावी म्हणून झाडाची साल उकळून त्या तांबड्या पाण्यात ती बुडवत. कितीही जुनं झालं तरी शीड विटकरी दिसायचं आणि त्याला सालीचा तुरट वास यायचा. काकीने काकासाठी असा तुकडा दुहेरी करून जाळं विणायच्या जाड सुताने शिवला होता. आमच्याकडे त्याला कापड म्हणत नसत, शीडच म्हणत. हे सांगून ठेवतो, कारण पुढे हा फरक महत्त्वाचा ठरला.

मी दुसरीत होतो त्या वर्षी चैत्रापासून पेपरात तो यायला लागला. त्याला नाव नव्हतं. मुंबईत फूटपाथवर, पुलाखाली, बांधकामाच्या आडोशाला झोपलेल्या माणसांना कुणीतरी झोपेतच मारत होतं. आधी एक, मग आणखी, मग रोज सकाळी शहर कुठली जागा ते विचारूनच कामाला लागायचं. तो का मारत होता ते कुणाला कळत नव्हतं. पुढे पकडल्यावरही ते नीट कळलं नाही.

पेपर आमच्याकडे दुसऱ्या दिवशी येई, लाँचने आणि मग एसटीने. बाबा शाळा शिकलेले. दुपारी मासळी उलटवायच्या वेळी ते मांडवाच्या सावलीत बसून मोठ्याने वाचत आणि बायका हात न थांबवता ऐकत. 'बोथट हत्याराने' हे शब्द त्या दिवसांत रोज असायचे.

"बोथट मंजे काय?" रखमायने विचारलं. रखमाय ही गावातली म्हातारी. विधवा झालेल्या बाईच्या बांगड्या फोडायचं काम तिच्याकडे होतं, त्यामुळे ती दारात दिसली की बायका डावा हात पदराखाली घेत. एरवी तिच्याइतकं हसवणारं कुणी नव्हतं.

"बोथट मंजे धार नसलेलं," बाबा बोलले.

"धार न्हाय त मानूस मरंल कसा? माज्या कोयतीला धार न्हाय, तिनं बोंबलाचं शेपूट पन तुटत न्हाय."

"डोक्यात घालून बघ."

"कुनाच्या? तुज्या?"

बायका हसल्या. तेव्हा हसता येत होतं. मुंबई समुद्रापलीकडे होती आणि तो माणूस पेपराच्या कागदापलीकडे.

मग मचव्यावरून परतणारी माणसं सांगू लागली. लोक ऐन उकाड्यात खिडक्या लावून झोपतात. संध्याकाळ झाली की फूटपाथ रिकामे होतात. गल्लीत कुणा अनोळखी माणसाने पाणी मागितलं तर आधी चार माणसं गोळा होतात. एका वेड्याला असंच लोकांनी बडवून काढलं आणि हा काही 'तो' नव्हता. आम्ही पोरांनी त्याचाही खेळ केला. एकाने डोळे मिटून वाळूत पडायचं, बाकीच्यांनी पाय न वाजवता जवळ जायचं. पडलेल्याने ओळखायचं की कोण आलं. काकीने तो खेळ पाहिला आणि हातातल्या ओल्या दोरीने आम्हाला सगळ्यांना फोडून काढलं. तिचा राग आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

काकाने जाऊ नये असं बाबांचं मत होतं. "थांब थोडं. त्याला धरतील," ते म्हणाले.

"त्याला धरंपर्यंत पावसाळा येईल. माल काय घरात कुजवायचा?" काका पोत्याचं तोंड शिवत होता. "आनि दादा, तो झोपलेल्यांना मारतो ना? माज्याजवळ कसा येईल? मी घोरतो. त्याला वाटंल आजून जागाच हाय."

निघताना तो दारात उभा होता, खांद्यावर शिडाची वळकटी.

"येताना काय आनू?"

"काय नको," काकी बोलली. "अंगाचा वास तेवडा तिकडंच टाकून ये."

"वास टाकला त तू मना वलकशील कशी?"

"घोरशील ना. त्याच्यावरनं."

हे बोलणं माझ्या कानावर पडलं, कारण मी उंबऱ्यावर बसून जवळा खात होतो. यापलीकडे त्या निरोपात काही नव्हतं. काकी वळून कामाला लागली. मचव्याचं शीड खाडीच्या तोंडाशी वळताना दिसलं असेल. आमच्यापैकी कुणी ते पाहायला थांबलं नाही.

पुढच्या आठवड्यातल्या एका दुपारी बाबांनी ती बातमी वाचली. बाजाराजवळच्या फूटपाथवर झोपलेला एक अनोळखी भिकारी ठार. वय अंदाजे पस्तीस. चेहरा ओळखण्यापलीकडे. अंगाखाली तांबूस रंगाचे जाडेभरडे कापड. जवळ काही सामान नाही.

काकी चटईवरची करंदी उलटी करत होती. "भिकारी व्हता?" तिने विचारलं.

"भिकारी लिवलंय."

"बिचारा," ती बोलली. "त्याला कोन रडंल?"

आणि बाबांनी पुढची बातमी घेतली. ती कशाची होती ते मला आठवत नाही. करंदीचा वास आठवतो, आणि चटईवर फिरणाऱ्या काकीच्या हाताचा आवाज.

बरोबर गेलेले लोक परत आले, काका आला नाही. भीतीमुळे सगळे पांगले होते, कुणी देवळाच्या आवारात झोपायला गेलं, कुणी स्टेशनात. काका पोत्यांजवळ राहिला होता. नंतर पोतीही दिसली नाहीत आणि काकाही. सगळ्यांना वाटलं माल विकून दुसऱ्या मचव्याने गेला असेल. तो दुसराही मचवा आला, काकाशिवाय. मग बाबा मुंबईला गेले.

परत आले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. बाबांनी सांगितलं ते असं:

"चौकीत साहेबानं इचारलं, काय करतो तुमचा मानूस? मी बोललो, सुक्या मासळीचा धंदा. झोपतो कुठं? बोललो, मालाजवळ. मंग तो बोलला, इकडं बेवारस भिकाऱ्यांच्या वस्तू ठेवल्यात, बघायच्या त बघून घ्या. मी बोललो, साहेब, आमचा मानूस भिकारी न्हाय. घरदार हाय त्याला, होडीत भागी हाय."

"बरा बोललास," कुणीतरी म्हणालं. माना हलल्या. काकीनेही मान हलवली. भावाची अब्रू बाबांनी परक्या गावात सांभाळली होती. बेवारस प्रेतं तोवर जाळून टाकलेली. वस्तू तेवढ्या उरल्या होत्या, आणि त्या बाबांनी पाहिल्या नाहीत.

त्या उन्हाळ्यात ते हे बोलणं पुष्कळदा सांगत राहिले. आमच्या घरात त्याची जवळजवळ म्हण झाली. मग कधीतरी त्यांनी ते सांगणं बंद केलं. कुठल्या दिवशी ते मला सांगता येणार नाही. एका माणसाने चौकीतल्या साहेबाला काय सुनावलंस ते सांग म्हटलं आणि बाबा उठून होडीकडे गेले, एवढं आठवतं. त्यानंतर ते पेपर मनातल्या मनात वाचू लागले. दुपारच्या वाचनाचा आवाज मांडवाखालून गेला. बायका थोडे दिवस वाट पाहत होत्या. मग आपसात बोलायला लागल्या.

तो पकडला गेला. पेपरात त्याचं छायाचित्र आलं. बाबांच्या हातातून पेपर घेऊन काकीने ते बराच वेळ पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

"ह्यो?" ती बोलली. "ह्याच्यात काय हाय? बाजारात पोती उचलनाऱ्यासारखा दिसतो." मग म्हणाली, "भावोजी, नावं सांगितली का त्यानं? कुनाकुनाला मारलं ते?"

"त्याला नावं कुठनं म्हाईत असनार, यमुना? झोपलेली मानसं ती."

"तोंडं तरी बघितली असतील."

पेपरात तेही होतं. तोंडं पाहिली नाहीत, बहुतेकांनी चादर डोक्यावरून घेतलेली असायची, असं त्याने सांगितलं होतं. बाबांनी ते वाचून दाखवलं नाही. मी दाखवलं. मला नुकतं जोडाक्षरांसकट वाचता येऊ लागलं होतं आणि ते दाखवायची हौस होती.

तेव्हापासून काकीला ती सवय लागली. उन्हाळ्याच्या दुपारी आम्ही पोरं पडवीत ओळीने झोपत असू. माश्या फार, म्हणून चादरी डोक्यावरून घेतलेल्या. काकी यायची आणि एकेकाच्या तोंडावरची चादर खाली करायची. "तोंड उघडं ठेवून निजा," ती म्हणायची. "वलखू आलं पायजे." झोपेत आधी बांगड्यांचा आवाज यायचा, मग तोंडावर वारा, मग माश्या. मंदा सगळ्यांत लहान होती. तिला वाटायचं सगळ्याच घरांत आया असं करतात.

वर्ष झालं तेव्हा रखमाय आली. दारात बसली, पाणी प्याली. काकी समोर येऊन उभी राहिली. हात पदराखाली घेतला नाही.

"बाय, वरीस झाला."

"व्हय. झाला."

"मंग हात दे."

"देते. कुठं फोडनार?" काकी बोलली. "पान्यात गेला असंल त चल दर्यावर, नाळेवर फोड. घरात गेला असंल त हा उंबरा हाय. तू सांग, तो कुठं गेला?"

रखमायने उंबऱ्याकडे पाहिलं, मग खाडीकडे. एवढ्या बायकांच्या बांगड्या तिने फोडल्या होत्या, हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"मुंबईत," ती शेवटी म्हणाली.

"मुंबईला मी बांगड्या कवा दिल्या? माज्या बांगड्या दर्याकडं हायत. दर्या सांगंल तवा फोड."

रखमाय गुडघ्यावर हात ठेवून उठली. "बाय, तुजी जीभ काय बोथट न्हाय," ती बोलली आणि गेली. ती पुन्हा आली नाही. पुढे ती स्वतः वारली आणि मग गावात बांगड्या फोडायचं काम करणारं कुणी राहिलंच नाही.

काकी सवाष्ण राहिली. हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही यावर बायका कुजबुजत. काही बोलवत, काही टाळत. ज्या टाळत त्यांच्या दारात ती सुके बोंबील पाठवायची, जास्तीचे. नारळी पौर्णिमेला पाण्यात उतरताना ती नव्या सुनांच्या मागे, शेवटी उभी राहायची. बांगडी पिचली की बाजारातून तशीच हिरवी आणायची. आम्ही मोठे झालो, मचवे गेले, यंत्राच्या होड्या आल्या. सालीच्या तांबड्या पाण्याच्या कढया मोडीत निघाल्या. तो तुरट वास मला त्यानंतर कुठेच मिळाला नाही.

मी पेपरात लागलो. बातम्या लिहायच्या, दुसऱ्यांच्या तपासायच्या, जागेत बसवायच्या. तिथे मला जे कळलं ते फार साधं होतं. फूटपाथवर झोपलेला माणूस मेला तर त्याला काय लिहायचं हे कुणी ठरवत नाही. तो कोण ते चौकीत माहीत नसतं, बातमीदाराला वेळ नसतो, ओळीला जागा नसते. 'फूटपाथवर झोपलेला अनोळखी माणूस' लांब होतं. 'भिकारी' बसतं. त्यात वाईट हेतू नसतो. त्या शब्दाखाली हमाल असतात, रोजंदारीवाले असतात, गावाकडून माल घेऊन आलेले असतात.

एकदा सुट्टीत गावी गेलो होतो. काकी अंगणात बोंबील जोडत होती. तेव्हा थोडेच उरले होते, घरापुरते. तिने मान वर न करता विचारलं, "पेपरात भिकारी कुनाला लिवतात रं?"

विचारतानाही तिचे हात थांबले नाहीत. जबड्यात जबडा, दोरीवर टांग.

"रस्त्यावर झोपलेल्याला," मी म्हणालो.

"कुनी पन?"

"कुणीही."

बांगड्यांचा आवाज थांबला. एक जोडी तिच्या हातात तशीच राहिली. वारा होता, दोरीवरचे बोंबील वाजत होते. मग तिने ती जोडी दोरीवर टाकली.

"तुज्या बापाला हे सांगू नको," ती बोलली. "त्या मानसानं साहेबाला सांगितलं, आमचा मानूस भिकारी न्हाय. मी हात मोकळा केला त त्याला कळंल, कुनाला बघायचं सोडून आला ते. तो जगायचा न्हाय."

पडवीत बाबा पेपर वाचत होते, मनातल्या मनात. अंतर फार नव्हतं. त्यांना ऐकू गेलं का, मला माहीत नाही. त्यांनी पान उलटलं.

बाबा पुष्कळ जगले. काकीने बांगड्या ठेवल्या. ते गेल्यावर मी एकदा तिच्या हाताकडे पाहिलं. तिने माझं पाहणं पाहिलं आणि हसली. "आता ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हाताला सवय झाली."

परवा मी पोचलो तेव्हा काकीला ओटीवर घेतलं होतं. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. एका सुपात दोन लुगडी होती, एक हिरवं, एक पांढरं. मंदा दारात आली. ती आता साठीकडे झुकली आहे, पाहुण्यांना खोल्या देते, फोनवर पाहुण्यांशी हिंदी बोलते आणि माझ्याशी आईची भाषा.

"सांग दादा," ती म्हणाली. "माजा बा गेला का न्हाय, तुला काय म्हाईत हाय? आईला सांगितलं नसशील त मना सांग."

"मला काही माहीत नाही, मंदा. नक्की असं कुणालाच नाही. जे होतं ते काकीला माहीत होतं."

मी तिला सगळं सांगितलं, पेपरातली ती भिकाऱ्याची बातमी, भिकारी हा शब्द आणि काकीचं उत्तर. बायका ऐकत होत्या. शेवटी मंदा म्हणाली, "मंजे तिला वाटायचं, तो भिकारी मंजे बाच."

"हो."

"आनि तरी बांगड्या ठेवल्या. मोठ्या काकांसाठी."

"हो."

भिंतीजवळची एक म्हातारी बोलली, "मंग पांढरं. तिलाच म्हाईत व्हतं त."

"न्हाय," मंदा म्हणाली. "तिला म्हाईत व्हतं आनि तिनं हिरवं घातलं. जे तिनं ठरवलं ते मी कोन बदलनारी?"

तिने हिरवं लुगडं उचललं. मग काकीचा डावा हात मांडीवर घेतला. बांगड्या फोडाव्या लागल्या नाहीत, तेलाचा हातही लावावा लागला नाही. हात इतका वाळला होता की त्या एकामागून एक सरकत आल्या, थोड्याशा वाजत. घरात तेवढाच आवाज होता. मंदाने त्या पदरात बांधल्या. संध्याकाळी आम्ही काकीला नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ओहोटी लागल्यावर, मंदा मला घेऊन किनाऱ्यावर गेली. पाण्याच्या स्कूटरी फिरत होत्या, कुणी घोड्यावर बसून फोटो काढत होतं. ती कपड्यांसकट गुडघाभर पाण्यात उतरली. पदराची गाठ दातांनी सोडली आणि बांगड्या पाण्यात सोडल्या. त्या बुडताना काही क्षण हिरव्या दिसल्या, मग पाण्याच्याच रंगाच्या झाल्या. तिने दर्याला काही म्हटलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

परतताना सुरूच्या झाडांखालून आलो. जिथे मासळीच्या चटया असायच्या तिथे आता झोपाळे. एका झोपाळ्यात कुणी पर्यटक जेवून झोपला होता. माश्यांसाठी की उन्हासाठी, त्याने टॉवेल डोक्यापासून छातीपर्यंत ओढून घेतला होता. तो घोरत होता, बारीक शिट्टीसारखं.

मंदा थांबली. तिचे पाय ओले होते, त्यांना वाळू चिकटली होती. ती वाकली आणि तिने तो टॉवेल त्याच्या तोंडावरून हळूच खाली केला. तिच्या हातात बांगड्या नाहीत, हल्लीच्या बायका घड्याळ घालतात, त्यामुळे काही वाजलं नाही. तरी तो जागा झाला.

"काय झालं, ताई?"

"काय न्हाय," ती म्हणाली. "झोपा तुमी. फक्त तोंड उघडं ठेवा."